शेवाळप्राणी : मालवणच्या किनाऱ्यावरून एक ओळख

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही तपशील वाढवले आहेत.)





संस्थेने मला बोलावले तेव्हा विषयाची निवड माझ्यावरच सोपवली. अशा प्रसंगी शिक्षणाचे महत्त्व किंवा तरुण पिढीची कर्तव्ये यांवर बोलण्याची प्रथा आहे. त्या विषयांवर माझ्याहून अधिकाराने बोलणारी मंडळी या व्यासपीठावर बसलेली आहेत. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. म्हणून मी आज एक लहानसा विषय घेतला आहे. तो या डबीत मावतो. डबीत कालवाचे एक शिंपले आहे आणि त्याच्या पाठीवर पांढरट जाळीसारखे काही पसरले आहे. नेसत्या लुगड्याच्या काठावरची वीण जवळून पाहावी तसे ते दिसते. वाचकांना डबी दाखवता येत नाही. पण तुम्ही मालवणचे असाल तर ही वस्तू तुमच्या पायाखालून शंभरदा गेली आहे. दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाली की मासळीच्या पाट्या उचलल्या जातात आणि मागे काटक्या, शिंपले, समुद्रवनस्पतींचे तुकडे उरतात. त्या केरात ही असते. चिवल्याच्या खडपात असते. पावसाळ्यापूर्वी होड्या वर घेऊन त्यांचे बूड खरवडतात, त्या खरवडीतही असते. आपण तिला शेवाळ म्हणतो आणि झाडून टाकतो.

मीही तेच म्हणत होतो. एवढेच नव्हे, तर तेच शिकवत होतो. त्याची कबुली देऊन मी विषयाला सुरुवात करतो.

एक लाल फुली

आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी एक काम देत असे. किनाऱ्यावर जाऊन पाच वनस्पती आणि पाच प्राणी गोळा करायचे, वहीत त्यांची चित्रे काढायची आणि प्रत्येकाचे वर्णन लिहायचे. एका वर्षी एका मुलीने असाच एक झुडपासारखा तपकिरी तुकडा प्राण्यांच्या रकान्यात लिहिला. मी लाल शाईने फुली मारली आणि शेजारी लिहिले, ‘शेवाळ. वनस्पती.’

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. म्हणाली, “सर, रापणीत आलेला तुकडा मी पाण्यात ठेवला होता. त्याला तोंडे आली.”

मी हसलो. “शेवाळाला तोंड नसते,” असे सांगून तिला परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी ती लोणच्याच्या बरणीत समुद्राचे पाणी आणि तुकडा घेऊन शाळेत आली. वडिलांची होडी होती, त्यामुळे ताजा तुकडा मिळवणे तिला अवघड नव्हते. आमच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर बुरशी चढलेली होती. मी बाजारातल्या घड्याळजीकडून त्याचे डोळ्याला लावायचे भिंग मागून आणले. काचेच्या बशीत पाणी ओतून तुकडा त्यात ठेवला आणि आम्ही वाट पाहिली. पाच मिनिटे काही नाही. दहा मिनिटांनी त्या तपकिरी फांदीच्या कडेने धुक्यासारखे काही दिसू लागले. भिंग लावले. बारीक बारीक फुले उमलत होती, आणि प्रत्येक फूल म्हणजे तंतूंचे एक कडे होते. एका मुलाचा हात टेबलाला लागला आणि सगळी फुले एकदम नाहीशी झाली. थोड्या वेळाने पुन्हा एकेक बाहेर आली.

वनस्पती अशी दचकत नाही. मी त्याच वर्गासमोर ती फुली खोडली आणि तिला गुण दिला. त्या मुलीचे शिक्षण दहावीनंतर घरच्या अडचणींमुळे थांबले. ती बरणी घेऊन आली नसती, तर माझी चूक तिने खरी मानली असती आणि माझ्यानंतर तिच्या मुलांनीही. हे मला अजून विसरता येत नाही.

ही हकीकत मी आमच्या भागातल्या एका वयस्क मच्छीमाराला सांगितली. तो होडीचे बूड खरवडत होता. त्याने हात न थांबवता उत्तर दिले, “मास्तरांनू, शेवाळ असा करकरता काय?” त्याच्या सुरीला ती गोष्ट आधीच कळली होती. तरीही नुसत्या करकरण्याने प्राणी सिद्ध होत नाही. तो मुद्दा मी पुढे घेणार आहे.

हा प्राणी असतो कसा

या प्राण्यांना शास्त्रात ‘ब्रायोझोआ’ म्हणतात. ब्रायो म्हणजे शेवाळ, झोआ म्हणजे प्राणी. मराठीत शेवाळप्राणी म्हणावे. आपल्याला जो एक तुकडा दिसतो तो एक प्राणी नसतो, ती वसाहत असते. तिच्यात शेकडो, कधी हजारो जीवक शेजारी शेजारी राहतात. एका जीवकाची खोली साधारण अर्ध्या मिलिमीटरची. बहुतेक समुद्री जातींत खोलीच्या भिंती चुन्याच्या असतात. खोलीतून तंतूंचे कडे बाहेर येते. तंतूंवर त्याहूनही सूक्ष्म केस हलत असतात आणि ते पाण्याचा प्रवाह तोंडाकडे आणतात. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती हे त्यांचे अन्न. आतडे इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे वळलेले असते. या जीवकाला हृदय नाही, कल्ले नाहीत. मज्जातंतूंची एक लहानशी गाठ एवढाच मेंदू.

वसाहतीची सुरुवात एका पोहणाऱ्या डिंभापासून होते. तो खडकावर, शिंपल्यावर, दोरावर किंवा होडीच्या बुडाला चिकटतो आणि त्याचा पहिला जीवक होतो. त्याला अंकुर फुटून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, अशी वस्ती वाढते. म्हणजे सगळे एकाच वंशाचे. तरीही सगळ्यांचे काम एक नसते. काही जीवक अन्न मिळवतात, काही पिल्ले सांभाळतात. काहींचे रूपांतर तर पक्ष्याच्या चोचीसारख्या चिमट्यात झालेले असते. अंगावर रेंगाळणाऱ्या लहान किड्यांना ते पकडतात. चोचीचे हे जीवक स्वतः खात नाहीत. शेजाऱ्यांनी मिळवलेले अन्न आतल्या धाग्यांतून त्यांना पोचते. ‘बीगल’ जहाजाच्या प्रवासात चार्ल्स डार्विनने या चोचींचे बारकाईने निरीक्षण केले होते.

आणखी एक नवल सांगतो. जीवकाचे आतडे आणि तंतू जीर्ण झाले की ते विरघळतात आणि खोलीत एक तपकिरी गोळी उरते. मग त्याच खोलीत नवे आतडे, नवे तंतू तयार होतात. घर तेच राहते, बिऱ्हाड नवे येते.

वर्गवारीची दोनशे सत्तर वर्षे

माझी जी चूक झाली ती माझ्याआधी मोठमोठ्या पंडितांची झाली होती, हे नंतर वाचनात आले तेव्हा थोडा धीर आला. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या गोष्टी समुद्रातल्या वनस्पती समजल्या जात. लंडनचा जॉन एलिस हा पेशाने व्यापारी. त्याने १७५५ साली एक ग्रंथ काढून दाखवले की अशा अनेक ‘झुडपां’त प्राणी राहतात. पण कोणते प्राणी? त्यांना पोवळ्यांच्या आणि हायड्राच्या शेजारी बसवण्यात आले, कारण वरून दिसायला तेही फुलांसारखे.

ही घडी मोडली ती आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरात. तिथे जॉन व्हॉन थॉम्पसन हा सैन्यातला डॉक्टर होता. त्याने पाहिले की पोवळ्याच्या पोटाला एकच दार असते. अन्न आत येते त्याच दाराने उष्टे बाहेर जाते. या प्राण्यांना मात्र तोंड वेगळे आणि गुदद्वार वेगळे आहे. म्हणजे हे पोवळ्यांचे नातलग नव्हेत. त्याने १८३० साली त्यांना ‘पॉलिझोआ’ म्हटले. पुढल्याच वर्षी, १८३१ मध्ये, जर्मनीच्या एरेनबर्गने ‘ब्रायोझोआ’ हे नाव दिले. दोन्ही नावे पुढे शंभर वर्षे भांडत राहिली. १८७०च्या सुमारास निट्शे या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने आणखी एक निवड केली. ज्यांचे गुदद्वार तंतूंच्या कड्याच्या बाहेर आहे ते एका बाजूला, ज्यांचे कड्याच्या आत आहे ते दुसऱ्या बाजूला. आज हे दुसरे प्राणी वेगळ्या संघात मोजले जातात. एवढ्याशा प्राण्याचे कोणते दार कुठे आहे, यावरून संपूर्ण संघ वेगळा झाला. वर्गीकरण म्हणजे पाठ करायची नावे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ब्रायोझोआ संघाचे आज तीन वर्ग करतात. पहिला फायलॅक्टोलिमाटा. हे फक्त गोड्या पाण्यातले. त्यांच्या तंतूंचे कडे घोड्याच्या नालासारखे असते, अंगात चुना नसतो आणि त्यांच्या जाती शंभराच्या आत आहेत. दुसरा स्टेनोलिमाटा. यांच्या खोल्या म्हणजे चुन्याच्या अरुंद नळ्या. एके काळी समुद्रात यांचेच राज्य होते. आज त्यांच्यातला सायक्लोस्टोमाटा हा एकच गण शिल्लक आहे. तिसरा जिम्नोलिमाटा. त्यात दोन गण येतात. टीनोस्टोमाटांना चुना नसतो. चिलोस्टोमाटांच्या खोल्या पेटीसारख्या असून बहुतेकांना झाकण असते. ‘चिलोस’ म्हणजे ओठ. आज समुद्रातल्या बहुसंख्य जाती या ओठवाल्यांच्या. जिवंत जाती सुमारे सहा हजार आणि दगडात सापडलेल्या पंधरा हजारांच्या वर. म्हणजे या कुळात जिवंतांपेक्षा गेलेल्यांची नोंद मोठी आहे.

मुंबई आणि नागपूर

विद्यार्थी मित्रहो, ही सगळी नावे परदेशातली वाटली असतील. आता आपल्या महाराष्ट्रात येऊ.

मुंबईत हेन्री जॉन कार्टर नावाचे सैन्यातले डॉक्टर होते. दवाखान्याचे काम सांभाळून ते मुंबईच्या तळ्यांतले सूक्ष्म जीव पाहात. गोड्या पाण्यातले शेवाळप्राणी तळे आटण्यापूर्वी बियांसारखे कठीण कवचाचे गोळे तयार करतात. प्राणी मरतो, गोळे चिखलात टिकतात आणि पाणी आले की त्यांतून नवी वसाहत निघते. आपल्याकडे उन्हाळ्यात तळी कोरडी पडतात, त्यामुळे या युक्तीचे मोल आपल्याला चटकन समजते. गोड्या पाण्यातले स्पंजही असेच गोळे करतात. कार्टर यांनी १८५९ साली या दोन्ही गोळ्यांची तुलना प्रसिद्ध केली. मुंबईला सापडलेल्या अशाच एका जातीला पुढे त्यांचे नाव मिळाले. आज ती ‘लोफोपोडेला कार्टेरी’ म्हणून ओळखली जाते.

त्याच काळात नागपूरला स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी शिक्षक राहात होते. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. ते फावल्या वेळात दगड, जीवाश्म, तळ्यातले जीव गोळा करीत. त्यांना गोड्या पाण्यात एक चपटा, पापुद्र्यासारखा पसरणारा शेवाळप्राणी सापडला. तो कार्टर यांच्याकडे गेला आणि कार्टर यांनी १८५८ साली त्याचे वर्णन करून नाव ठेवले ‘हिस्लोपिया लॅकस्ट्रिस’. गंमत अशी की हा प्राणी गोड्या पाण्यातला असूनही गोड्या पाण्याच्या वर्गातला नाही. त्याच्या तंतूंचे कडे नालासारखे नसून गोल आहे आणि त्याचे बहुतेक भाऊबंद समुद्रात आहेत. तो टीनोस्टोमाटा गणात बसतो. म्हणजे नागपूरच्या पाण्यात, कुठल्याही समुद्रापासून शेकडो मैल दूर, समुद्राच्या घराण्यातला एक जीव नांदत होता. राहण्याच्या जागेवरून घराणे ठरवणे किती फसवे असते, याचे याहून चांगले उदाहरण मी वर्गात कधी दिले नाही. हिस्लॉप १८६३ साली बुडून वारले. पुढे नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९११ मध्ये हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्यातील स्पंज, हायड्रा आणि शेवाळप्राणी यांवर ग्रंथ लिहिला. हेच अ‍ॅनंडेल १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक.

आता या यादीकडे एकदा पुन्हा पाहा. एलिस व्यापारी. थॉम्पसन आणि कार्टर डॉक्टर. हिस्लॉप शाळामास्तर. चोख पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे, ही त्यांची मुख्य पुंजी होती.

दगडातला इतिहास

चुन्याच्या भिंती असल्यामुळे हा प्राणी मेल्यावरही त्याचे घर टिकते. समुद्रतळाच्या गाळात ते दबते आणि कोट्यवधी वर्षांनी दगडात सापडते. निःसंशय शेवाळप्राण्यांचे सर्वांत जुने जीवाश्म ऑर्डोव्हिसियन कालखंडाच्या आरंभीचे, म्हणजे सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. ते चीनमध्ये मिळाले. त्याच कालखंडात नळीवाल्यांचे एकामागून एक गण उदयाला आले आणि पुढची वीस कोटी वर्षे समुद्रतळावर त्यांची भरभराट होती. काही झाडांसारखे, काही गोळ्यांसारखे, काही लेसच्या जाळीसारखे. जाळीवाल्यांपैकी ‘फेनेस्टेला’ या नावाचा अर्थ लहान खिडकी. काश्मीर आणि स्पितीच्या पहाडांत तीस कोटी वर्षांहून जुन्या दगडांचे थर आहेत. त्यांत या खिडक्या इतक्या विपुल आहेत की भूवैज्ञानिकांनी त्या थरांनाच ‘फेनेस्टेला शेल’ म्हटले. जिथे आज बर्फ पडते तिथे एकदा समुद्र होता, हे सांगणाऱ्या साक्षीदारांत हा अर्ध्या मिलिमीटरचा जीवही आहे.

मग आला पर्मियन कालखंडाचा शेवट, २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी. पृथ्वीवरील जीवसृष्टीचा तो सर्वांत मोठा संहार. नळीवाल्यांची बहुतेक कुळे त्यात बुडाली. थोडी वाचली, तीही ट्रायासिकच्या अखेरीपर्यंत संपली. फक्त सायक्लोस्टोमाटा पुढे चालत आले.

ओठवाले चिलोस्टोमाटा जुरासिकच्या उत्तरार्धात प्रथम दिसतात. पण जवळजवळ पाच कोटी वर्षे ते एका कोपऱ्यात बसून राहिले. जाती मोजक्याच. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशसच्या मध्यावर, त्यांची संख्या एकाएकी वाढली. याचे एक कारण असे सुचवले जाते की त्यांनी पिल्ले अंगावर वाढवायला सुरुवात केली. असे डिंभ फार दूर वाहून जात नाहीत, घराजवळच बसतात. त्यामुळे वस्त्या एकमेकींपासून तुटतात आणि नव्या जाती लवकर बनतात. सायक्लोस्टोमाटा आणि चिलोस्टोमाटा एकाच शिंपल्यावर वाढताना समोरासमोर आले की एक दुसऱ्याच्या अंगावर पसरतो. हा सामना जीवाश्मांतही जसाच्या तसा राहिलेला असतो. बहुतेक वेळा ओठवाले वर आणि नळीवाले खाली दिसतात. पण नळीवाले हरूनही संपले नाहीत. आजच्या समुद्रात ते आहेतच.

आपल्या जवळचे दगड

तुमच्यापैकी कोणी विचारील, सर, आमच्या चिऱ्यात हे जीवाश्म सापडतील का? नाही. आपला जांभा हा मूळ खडक झिजून, धुपून झालेला दगड. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसाचा. मालवण परिसरातले जुने वालुकाश्म तर असे जीव जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचे.

जवळचे मोठे ठिकाण नर्मदेच्या खोऱ्यात आहे. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाग नावाचे गाव आहे. तिथल्या लेण्यांमुळे ते पुष्कळांना ठाऊक असेल. दख्खनचा लाव्हा वाहण्याच्या आधी, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी, पश्चिमेकडचा समुद्र नर्मदेच्या खोऱ्यातून तिथवर शिरला होता. त्याने मागे ठेवलेल्या थरांना ‘बाग थर’ म्हणतात. प्रमथनाथ बोस हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले एक अग्रणी भारतीय अधिकारी. त्यांनी १८८४ साली या थरांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतल्या सर्वांत वरच्या चुनखडकाचे रूढ नाव ‘कोरॅलाइन लाइमस्टोन’, म्हणजे पोवळ्यासारखा चुनखडक. प्रत्यक्षात तो मुख्यतः शेवाळप्राण्यांच्या तुकड्यांनी भरलेला आहे! नाव मात्र आजही पुस्तकांत तेच चालते. माझ्या लाल फुलीसारखीच ही एक फुली, फक्त ती खोडलेली नाही. बाग थरांतील जीवाश्मांवर जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९३०च्या दशकापासून लेख लिहिले. पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांनी आणि आर. एम. बडवे यांनी हे काम चालवले.

दक्षिणेत अरियलूर-तिरुचिरापल्ली भागातल्या क्रिटेशस थरांचे जीवाश्म फर्डिनांड स्टोलिक्झ्का या तरुण भूवैज्ञानिकाने अभ्यासले. हिंदुस्थानात येण्याच्या सुमारास त्याने न्यूझीलंडच्या जीवाश्म शेवाळप्राण्यांवरही लिहिले होते. १८७४ साली यार्कंदच्या मोहिमेवरून परतताना तो लडाखच्या वाटेवर वारला. वय अवघे ३६. लेहमध्ये त्याची कबर आहे. कच्छच्या चुनखडकांतूनही अलीकडच्या काळात अनेक जातींची नोंद झाली आहे.

अजून न सुटलेला प्रश्न

आता मघाचा मुद्दा घेतो. करकरते म्हणून प्राणी, असे का म्हणता येत नाही? कारण समुद्रातल्या काही वनस्पतीही अंगात चुना साठवतात. शिंपल्यावर लिंबाचा रस टाकला तर तो फसफसतो, तसाच त्या वनस्पतींवरही फसफसतो. चुना दिसला की प्राणी, ही माझी दुसरी चूक झाली असती.

याच वाटेवर मोठ्या शास्त्रज्ञांतही मतभेद झाले. इतर बहुतेक प्राणिसंघ कँब्रियन कालखंडात, म्हणजे ऑर्डोव्हिसियनच्या आधी, हजर असतात. मग शेवाळप्राणीच उशिरा का? हे कोडे जुने आहे. २०२१ साली ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या कँब्रियन खडकांतून मिळालेला ‘प्रोटोमेलिशन’ नावाचा काही मिलिमीटरचा जीवाश्म हा आद्य शेवाळप्राणी आहे, असे ‘नेचर’ नियतकालिकात जाहीर झाले. इतिहास एकदम साडेतीन कोटी वर्षे मागे गेला. दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने लिहिले की मऊ भाग टिकलेले नवे नमुने पाहता हा प्राणी नसून एक हिरवे शैवाल आहे. वाद अजून मिटलेला नाही.

म्हणजे आमच्या वर्गात लोणच्याच्या बरणीपुढे जो प्रश्न उभा होता, तोच प्रश्न आज जगातल्या उत्तम प्रयोगशाळांपुढे उभा आहे. हे शेवाळ की प्राणी? मालवणचा तुकडा जिवंत होता, त्याने आपले तोंड उघडून उत्तर दिले. पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या दगडाला तोंड उघडता येत नाही. तिथे खोल्यांचा आकार, भिंतींची रचना, नव्या खोल्या कशा फुटल्या, एवढ्यावरूनच निर्णय द्यावा लागतो आणि नवा पुरावा आला तर तो मागे घ्यावा लागतो.

आपण काय करावे

कोणी म्हणेल, एवढ्याशा जिवाचा उपयोग काय? उपयोग आहे. होडीच्या आणि जहाजाच्या बुडावर बसून तो वेग कमी करतो आणि इंधन वाढवतो. गोड्या पाण्यातल्या जाती पाणीपुरवठ्याचे नळ तुंबवतात. उलट ‘बुगुला नेरिटिना’ नावाच्या, बंदरांत सर्वत्र आढळणाऱ्या जातीपासून ब्रायोस्टॅटिन नावाचे द्रव्य मिळाले. कर्करोगावर आणि स्मृतिभ्रंशावर त्याच्या चाचण्या झाल्या. ते द्रव्य मुळात त्या प्राण्याच्या अंगात राहणारे जिवाणू तयार करतात, हे पुढे कळले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तिथल्या पोवळ्यांबद्दल सगळे बोलतात. त्याच खडकांवरच्या या शेवाळप्राण्यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला करता येईल असे काम सांगतो. जिवंत खडकावरून काही ओरबाडू नका. रापणीच्या केरात आलेले, लाटांनी टाकलेले तुकडे पुरेसे आहेत. ताजा तुकडा समुद्राच्याच स्वच्छ पाण्यात ठेवा, बशी सावलीत ठेवा आणि टेबलाला हात लावू नका. निदान पंधरा मिनिटे थांबा. भिंगातून जे दिसेल ते काढा. तारीख लिहा, जागा लिहा, भरती की ओहोटी ते लिहा. नाव माहीत नसेल तर नावाची जागा कोरी सोडा. चुकीच्या नावापेक्षा कोरी जागा बरी. काम झाले की तुकडा समुद्राला परत द्या.

शिक्षक बंधू-भगिनींना विनंती अशी की, विद्यार्थ्याचे उत्तर पुस्तकाशी जुळत नसेल तर फुली मारण्यापूर्वी ‘तू काय पाहिलेस?’ एवढे विचारा. आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडे एक मागणे. आपण नव्या खोल्या बांधतो, कमानी उभारतो, त्या अवश्य उभाराव्यात. पण संस्थेच्या प्रत्येक शाळेत एक चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक आणि दहा-वीस साधी भिंगे असावीत. ती कपाटात कुलूपबंद नसावीत. आमच्या वेळी घड्याळजीकडे भिंग मागायला जावे लागले, तो भला माणूस म्हणून काम भागले.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी मी त्या विद्यार्थिनीच्या घरी गेलो होतो. तिची वही उरलेली नाही, घराच्या डागडुजीत गेली. तिची धाकटी मुलगी आता आठवीत आहे. तिला मी ते शिंपले दाखवून विचारले, हे काय आहे? ती म्हणाली, “आधी पाण्यात ठेवून बघते.”